कृपया पाणी घालू नये

कवळीकाकांनी रानफुलांच्या तीनशे बियांना चकचकीत पॉलिश केलं, आणि मग त्या उगवत का नाहीत म्हणून आठ दिवस बियांवरच रागावून बसले.

यात काकांचा दोष आहे असं म्हणणं सोपं आहे. पण छत्तीस वर्षं ज्या माणसाने लोकांच्या कवळ्या घासूनपुसून हातावेगळ्या केल्या, त्याच्या हातात तुम्ही काहीही खडबडीत द्या, तो ते गुळगुळीत करूनच परत देणार. रानफुलांवरच्या पुस्तकात लिहिलं होतं की या बियांचं कवच फार टणक असतं, ते जरा खरवडल्याशिवाय आत ओल शिरत नाही. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, कवळ्या घासायचं जुनं यंत्र माळ्यावरून काढलं आणि एकेक बी चिमट्यात धरून नेमकी खरवडली. इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम. पण खरवडलेली बी त्यांना तशीच टाकवेना. कडा राहिल्या होत्या! कडा राहिलेलं काम काकांनी जन्मात कुणाच्या तोंडात जाऊ दिलेलं नव्हतं. त्यांनी यंत्राला मऊ ब्रश लावला, पावडर घेतली आणि शेवटी मेणाचा हलका हात फिरवला. बिया मोत्यांसारख्या दिसू लागल्या.

"ओवून द्या," काकू म्हणाल्या, "गळ्यात घालते."

काकूंचं बोलणं नेहमी असंच, हळू आणि नेमकं. त्यांचा आवाज चढलेला इमारतीत कुणी ऐकलेला नव्हता. त्यामुळे काकांना त्यांच्याशी भांडताही येत नसे. भांडायला निदान दोन आवाज लागतात.

दुसऱ्या खेपेला काकांनी मन घट्ट केलं, कडांकडे पाठ फिरवली आणि बिया खडबडीतच ठेवल्या. त्या ओल्या कापसावर पाचव्या दिवशी उकलल्या. "माझ्या हयातीतलं पहिलं अर्धवट काम," काका काहीशा शरमेने म्हणाले, "आणि तेच जिवंत निघालं."

हा सगळा खटाटोप होता एका पट्ट्यासाठी. इमारतीची मागची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये तीस पावलं लांब आणि सहा पावलं रुंद अशी जमीन होती. खडी, विटांचे तुकडे, भाजून निघालेली माती आणि कुणाच्या तरी सायकलची सीट, एवढंच तिथे होतं. सेक्रेटरींनी सभेत ठराव मांडला, की पट्ट्यावर फरशी घालून दुचाक्या लावाव्यात. सेक्रेटरी म्हणजे सज्जन माणूस, फक्त कागदात न लिहिलेली गोष्ट त्यांना दिसत नसे. सगळ्यांनी हात वर केले. आणि तेवढ्यात, सभेत आजवर चहा घेण्यापलीकडे तोंड न उघडलेले कवळीकाका उभे राहिले.

"तिथे फुलं लावूया."

"पाणी?" सेक्रेटरींनी विचारलं. नळाला दिवसाआड पाणी होतं, बागांना पाणी घालायला पाणी खात्याची बंदी होती. लोकांच्या कुंड्या गॅलऱ्यांमध्ये सुकून खडखडीत झाल्या होत्या.

"पाणी लागणार नाही. शहराबाहेर टेकडीच्या रस्त्याला फुलतात, त्यांना कोण पाणी घालतं? ती इथलीच आहेत, त्यांना सवय आहे. शिवाय मधमाश्या येतील, फुलपाखरं येतील. इथे हल्ली काहीच येत नाही."

"वसुलीवाले येतात," मागून कुणीतरी म्हणालं आणि सभा हसली.

पण काका हसले नाहीत, बसलेही नाहीत. शेवटी सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं: 'तीन महिन्यांनंतरच्या सभेपर्यंत पट्टा फुललेला दिसल्यास ठीक, अन्यथा फरशी.'

काकांना हे एवढं का हवं होतं, ते त्यांनी काकूंनाही पुरतं सांगितलं नव्हतं. कवळ्यांच्या लॅबमध्ये बसून त्यांनी माणसं फारशी पाहिलीच नव्हती, पाहिले ते जबड्यांचे साचे. त्यांचं कसब असं, की ते कुणाला कळलं तर काम बिघडलं म्हणायचं. छत्तीस वर्षं त्यांनी खोटं इतकं हुबेहूब केलं, की कुणी दुसऱ्यांदा वळून पाहू नये. आता एकदाच काहीतरी खरं करावं, आणि लोकांनी चालता चालता थांबून ते बघावं, एवढी त्यांची इच्छा होती. एवढीशीच, पण या वयात एवढीशी इच्छा फार जागा अडवते.

पेरणीच्या दिवशी सल्ल्यांना तोटा नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाईच म्हणत, गॅलरीतून खाली वाकून म्हणाल्या, "ओळीत लावा हो. ओळीत नसलं की शिस्त राहत नाही."

"बाई, ही रानातली फुलं आहेत."

"म्हणून काय झालं? माझ्याकडे येणारी मुलंही रानातलीच असायची."

काकांनी बिया विस्कटून पेरल्या, पण बाई आत गेल्यावर. रोपांची शास्त्रीय नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपल्या सोयीची ठेवली. टोकदार पानांचा तो सुळा. जमिनीलगत बैठक मारून पसरणारी ती दाढ. आणि सगळे उगवून आठवडे झाले तरी जिचा पत्ता नव्हता, आणि मग एके सकाळी भलत्याच कोपऱ्यातून माती ढकलत जी वर आली, ती अक्कलदाढ.

दीड महिना झाला आणि रोपं अशी काही फोफावली की काका चक्रावून गेले. पुस्तकात म्हटलं होतं, रोपं खुजी, चिवट राहतील आणि सहा आठवड्यांत कळ्या धरतील. इथे सुळा गुडघ्याला लागला, दाढेची पानं कोबीसारखी माजली, आणि कळी औषधालाही नाही. काही रोपं तर मऊ पडून एकमेकांच्या खांद्यावर माना टाकू लागली. येणारे-जाणारे मात्र कौतुक करत. "काय तरारलीय हो बाग!"

आणि बाग अशी डोळ्यात भरली, की ती पाणी खात्याच्याही डोळ्यात भरली.

निरीक्षक आले ते हातात टॅबलेट घेऊनच. तक्रार कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. "पाणीबंदीच्या काळात एवढं हिरवं? पाण्याचा स्रोत सांगा. नळ, विहीर, टँकर की इतर?"

"काहीच नाही," काका म्हणाले.

"'काहीच नाही' असा पर्याय नाही."

"मग इतर."

"इतरच्या पुढे तपशील लागतो. 'काही नाही' हा तपशील होत नाही. बरं, महिन्याला किती लिटर?"

"शून्य."

"शून्य टाकलं की हे पुढे जात नाही," निरीक्षक टॅबलेट दाखवत म्हणाले. आवाजात सहानुभूती होती. "पिकाचं नाव?"

"अक्कलदाढ."

निरीक्षकांनी मान वर केली, थोडा वेळ काकांकडे पाहिलं आणि खाली बसून मातीत बोट खुपसलं. बोट वर आलं ते दुसऱ्या पेरापर्यंत चिखलाने माखलेलं.

"मग हे काय आहे?"

गॅलऱ्यांमधून अख्खी इमारत बघत होती. काकांनी त्या बोटाकडे असं पाहिलं, की जणू त्यांनीच बसवलेला दात भर लग्नात कुणाच्या तरी ताटात पडलाय. "आई शपथ, मी थेंबही घातलेला नाही," ते म्हणाले, आणि आपलं म्हणणं आपल्यालाच किती पोकळ वाटतंय ते त्यांना ऐकू आलं. निरीक्षकांनी सात दिवसांत लेखी खुलासा मागितला आणि बोट धुवायला पाणी मागितलं. काकूंनी दिलं. तेही त्या दिवशी काकांच्या मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फटफटताच काका मागच्या खिडकीच्या पडद्याआड स्टूल टाकून बसले.

पहिल्या आल्या बाई. हातात भाजी धुतलेल्या पाण्याचं पातेलं. इकडे-तिकडे बघून त्यांनी ते हळूच ओतलं आणि वर दम दिला, "प्या गुपचूप." मागून तळमजल्यावरचा शिंपी आला, इस्त्रीच्या तांब्यातलं उरलेलं शिंपडून गेला. मग चालायला जाणाऱ्या दोघीतिघींच्या बाटल्यांचे तळ रिकामे झाले. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच, आणि आपलं ते कितीसं. मग साक्षात सेक्रेटरी आले. फिरून आलेले, घामाघूम. त्यांनी आपल्या बाटलीतलं अर्धं पाणी स्वतः प्यायलं आणि अर्धं, अगदी मोजून, अक्कलदाढेला घातलं.

काकांना राहवलं नाही. त्यांनी खिडकी उघडली. "साहेब, तुम्ही?"

सेक्रेटरी दचकले, पण लगेच सावरले. "माझा विरोध ठरावापुरता आहे काका, रोपांशी माझं वाकडं नाही."

काका खिडकीतून आणखी बाहेर वाकले, तेवढ्यात मागच्या दारातून पेला हातात घेऊन आणखी कुणीतरी आलं. दोन्ही हातांनी धरलेला, काठोकाठ भरलेला. साडीचा पदर डोक्यावर. पेला रोपांच्या मुळाशी हळूच रिता झाला, क्षणभर डोळे मिटले गेले, आणि मगच काकूंनी वर पाहिलं. खिडकीत नवरा होता.

त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही. म्हणजे काका बोलले नाहीत. काकूंचं न बोलणं आणि बोलणं यात तसाही फार फरक नसे.

संध्याकाळी काकांनीच सुरुवात केली. "अगं, निदान तू तरी! माझी चारचौघांत शोभा झाली. मी आईची शपथ घेतली."

"तुम्ही नव्हतंच घातलं. शपथ खरीच होती."

"प्रश्न तो नाही!"

"माझा नेम आहे," काकू म्हणाल्या. "सकाळी आपण घोट घ्यायच्या आधी एका जिवाला पाणी द्यायचं. कुंड्या होत्या तोवर कुंड्यांना देत होते. कुंड्या गेल्या."

"कधीपासून आहे हा नेम?"

"लग्नाच्या आधीपासून."

काकांनी मनातल्या मनात वर्षं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. ज्यांना जबड्याच्या साच्यावरून माणूस कुठल्या बाजूने चावतो ते सांगता येई, त्यांना आपल्या घरात रोज सकाळी काय घडतं ते ठाऊक नव्हतं.

त्यांनी खुलासा लिहिला: 'सदर ओल ही रहिवाशांच्या सद्भावनेची असून तिच्याशी अर्जदाराचा संबंध नाही.' निरीक्षकांनी तो वाचला, दोन मिनिटं विचार केला आणि टॅबलेटमध्ये भरलं: इतर, तपशील: सद्भावना. ते पुढे गेलं. फाइल मिटली.

मग काकांनी पट्ट्यावर पाटी लावली: 'कृपया पाणी घालू नये.' एवढ्या साध्या चार शब्दांनी इमारतीत जे झालं ते सेक्रेटरींच्या कुठल्याही परिपत्रकाने झालेलं नव्हतं. लोक दुखावले. "घोटभर पाणी घातलं तर काय पाप केलं?" शिंपी म्हणाला. बाई तर थेट दारात. "तहानलेल्या लेकरांना पाणी द्यायचं नाही? पाटीवर 'कृपया' लिहिलंय म्हणून सोडते."

"बाई, तुम्ही कधी मुलाला परीक्षेत उत्तर सांगितलंत?"

"छे! भलतंच."

"ती परीक्षेला बसलीत असं समजा. कोरड्या जमिनीत आपलं आपण उभं राहायचं, हीच त्यांची परीक्षा आहे. उत्तर सांगितलंत की ती फुलायचंच विसरतात."

बाईंना हे पटलं. इतकं पटलं की दुसऱ्या दिवसापासून त्या पर्यवेक्षक म्हणून गॅलरीत बसू लागल्या, आणि कुणाच्या हातात बाटली दिसली की वरून ओरडत, "बाटली बंद!"

काकूंनीही पट्ट्याला पाणी घालणं थांबवलं. एका शब्दाने कुरकूर केली नाही. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता काकांना दिसलं की काकूंनी अजून सकाळचा घोटही घेतलेला नाही.

"अगं, हे काय?"

"टपालवाला यायचाय. त्याला देते, मग पिते. काल आला होता दहालाच."

काका उठले आणि पुस्तक घेऊन बसले. जे पुस्तक ते फक्त रोपांसाठी वाचत होते, ते त्यांनी पहिल्यांदाच माश्यांसाठी वाचलं. एका पानावर लिहिलं होतं की मधमाश्यांनाही प्यायला पाणी लागतं. काकांनी एक उथळ बशी काढली, पट्ट्याच्या कडेला दोन विटांवर ठेवली आणि काकूंना म्हणाले, "रोपांना नको. यांना दे." काकूंनी पहिला पेला त्या बशीत ओतला आणि अकरा वाजायच्या कितीतरी आधी त्या दिवशीचं पाणी प्यायल्या. दुपारी बशीत दोन माश्या बुडून मेलेल्या सापडल्या. काकूंनी संध्याकाळी पोळी अर्धीच खाल्ली. पुस्तकात पुढच्या पानावर होतं, की माश्यांना उभं राहायला बशीत काहीतरी ठेवावं. काका पुढचं पान न वाचता कामाला लागले होते. त्यांनी माळ्यावरचा डबा काढला आणि उरलेल्या ॲक्रिलिकच्या दाढा बशीत मांडल्या, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या वर. दुसऱ्या दिवशी एकेका दाढेवर एकेक माशी पाय रोवून पाणी पीत होती.

"उत्तम पकड," काका व्यवसायाच्या आवाजात म्हणाले.

जमीन सुकली. माना टाकलेली रोपं गेली ती गेलीच, जवळजवळ दोन तृतीयांश. उरलेली रागावल्यासारखी आक्रसली, चिवट झाली आणि सभेच्या आठ दिवस आधी फुलली. पिवळी, जांभळी, पांढरी, नखाएवढी फुलं. लांबून काहीच दिसत नसे. जवळ जाऊन वाकावं लागे.

आणि घोळ नेमका तिथे होता. सभा त्या दिवशी पट्ट्यावरच भरली. सेक्रेटरींनी फरशीवाल्यालाही बोलावलं होतं, म्हणजे निर्णय लागला की लगेच माप. सेक्रेटरींनी इतिवृत्त वाचलं. 'पट्टा फुललेला दिसल्यास.' मग पट्ट्याकडे पाहिलं. "काका, मनापासून सांगतो, मला वाईट वाटतंय. पण हा पट्टा एक तृतीयांश फुललाय. एक तृतीयांश म्हणजे फुललेला नव्हे."

लोक जमिनीकडे पाहू लागले. बाकीचे दोन भाग कुणी बुडवले ते सगळ्यांना माहीत होतं, पण दुचाक्याही सगळ्यांच्याच होत्या. बाई म्हणाल्या, "पास होण्यापुरते पस्तीस टक्के पुरतात."

"ठरावात टक्के नाहीत, बाई."

कागदावर लिहिलेलं काकांनी कबूल केलं होतं. ते नुसते एका सुळ्याची वाळकी काडी मोडत उभे राहिले. काकूंनी हळूच ती काडी त्यांच्या हातातून काढून घेतली.

इकडे फरशीवाल्याने टेप उलगडला होता. पट्ट्याच्या मोकळ्या, कोरड्या भागात, जिथली रोपं गेली होती तिथे, तो उकिडवा बसला आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं? घ्या माप," सेक्रेटरी म्हणाले.

"खोली रिकामी नाही, साहेब."

"कुठली खोली? ही जमीन आहे."

"इथे बघा." त्याने बोट दाखवलं. टणक मातीत पेन्सिलीएवढी गोल भोकं होती, प्रत्येकाच्या तोंडाशी बारीक मातीची रास. एका भोकातून एक छोटीशी माशी बाहेर आली, फरशीवाल्याच्या अंगठ्याला वळसा घालून फुलांकडे गेली. दुसरी पायांना पिवळी भुकटी फासून परतली आणि आत शिरली. "या पोळ्यात नाही राहत. जमिनीत राहतात, एकेक घर करून. बऱ्याच जागी असतात, मला कामात दिसतात."

"चावतील!" सेक्रेटरी मागे सरकले.

"हात लावलात तर. नाहीतर त्यांना वेळ नाही." त्याने टेप गुंडाळून खिशात घातला. "साहेब, राहत्या घरात मी फरशी घालत नाही. मागे एका ठिकाणी आजोबांना पलंगासकट खोलीतच ठेवलं, म्हणाले, भोवतीने घाल. घातली. नंतर पलंग हलवला, तर खाली जुनी जमीन तशीच. नाव कुणाचं खराब झालं? माझं. तेव्हापासून आपला नियम, आधी माणसं हलवा, मग बोलवा."

नियम हा शब्द ऐकल्यावर सेक्रेटरींचा चेहरा बदलला. नियमापुढे ते नेहमीच मऊ पडत. त्यांनी काकांकडे वळून विचारलं, "किती दिवसांत रिकामी होईल?"

काकांना पुस्तकातलं माश्यांचं पान आठवलं. "आत्ता आत अंडी घालतायत. पिल्लं पुढच्या वर्षी बाहेर येतील."

"आणि मग?"

"मग तीही इथेच घर करतील. यांना लांब जायला आवडत नाही."

"एकूण घरं किती?"

काका, बाई आणि शिंपी खाली बसले. मोजताना दोनदा चुकले. "एकोणीस," बाईंनी शेवटी जाहीर केलं.

सेक्रेटरींनी उभ्याउभ्या लिहिलं: 'जागेत एकोणीस घरे राहती असल्याने फरशीचे काम, रहिवाशांनी जागा सोडल्यावर, विचारात घ्यावे.' कुणीच हरकत घेतली नाही. फुलांचा त्यात उल्लेखही नव्हता. काकांनी कागद दोनदा वाचला, घरी येऊन काकूंना तसं बोलूनही दाखवलं, आणि थोडा वेळ आरामखुर्चीत रुसून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली. "काका! अहो काका, जरा येता का?"

काका खाली गेले. सेक्रेटरी कामावर निघण्याच्या कपड्यांत पट्ट्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले होते आणि नाक जवळजवळ मातीला लागलं होतं. त्यांची दुचाकी पट्ट्याच्या कोपऱ्याला, नेहमीच्या सावलीत उभी होती. मागे बाई उभ्या होत्या, शिंपी होता, आणि कामावर निघालेली आणखी दोनचार माणसं रस्ता सोडून वाकून बघत होती.

"हे विसावं आहे का बघा. काल नव्हतं. माझ्या मागच्या चाकाखाली येतंय की काय?"

काकांनी भिंग काढलं आणि वाकून पाहिलं. भोक ताजं होतं, कडा अजून खडबडीत होत्या. चाक अगदी दाराशी.

"थोडी पुढे घ्या."

सेक्रेटरींनी गाडी पुढे ढकलली. सावली संपली. सीट उन्हात आली.

"अजून वीतभर," काका म्हणाले.

सेक्रेटरींनी गाडी वीतभर पुढे घेतली, स्टँडवर लावली आणि पुन्हा गुडघ्यांवर बसले.

"आता?"